मतभेदाचं शास्त्र

१८६४ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका कोकणी मुसलमान मुलीच्या लग्नाचा वाद आला. खटल्याच्या नावात पारकर आणि रोगे ही आडनावं आहेत, म्हणजे माणसं आपल्याच किनाऱ्यावरची. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. शाफई मताप्रमाणे मुलगी वयात आली तरी वलीच्या, म्हणजे बापाच्या किंवा त्याच्या जागी असलेल्या पुरुषाच्या संमतीशिवाय तिचा निकाह होत नाही. हनफी मताप्रमाणे मात्र वयात आलेली, जाणती मुलगी आपला निकाह आपण लावू शकते. या मुलीने हनफी मत पत्करल्याचं सांगितलं होतं. न्यायालयाने ते ग्राह्य धरलं. वयात आलेल्या मुसलमान स्त्रीला चार सुन्नी पंथांपैकी हवा तो निवडता येतो आणि मग बापाच्या संमतीवाचून केलेलं तिचं लग्न वैध ठरतं, असा निकाल झाला.

त्या मुलीने धर्म सोडला नाही, विधिमंडळाने कायदा केला नाही, मोर्चा निघाला नाही. शास्त्राच्या आतच दोन मतं होती, त्यांतलं दुसरं तिने उचललं. आज समान नागरी कायद्याचं भिजत घोंगडं पुन्हा पुन्हा पिळताना आपण ‘शरियत असं म्हणते’ आणि ‘शरियतमध्ये बदल होऊच शकत नाही’ ही दोनच वाक्यं ऐकतो. पहिलं शरियतचे टीकाकार बोलतात, दुसरं तिचे कैवारी. शरियत म्हणजे कपाटात ठेवलेलं एक छापील पुस्तक आहे, यावर मात्र दोघांचं एकमत असतं. माझं म्हणणं असं की हे पुस्तक कुठेच नाही. आहे ते फिकह नावाचं शास्त्र, हजार-बाराशे वर्षं विद्वानांनी एकमेकांशी घातलेला वाद. तो वाद शिकल्याशिवाय त्यातून निघालेल्या कायद्यावर बोलणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. आणि मुंबईच्या उपनगरांत तो शिकण्याची जेवढी सामग्री एका पट्ट्यात पडून आहे, तेवढी देशात फार थोड्या ठिकाणी असेल.

वादाची जात कळावी म्हणून वारशाचं एक जुनं उदाहरण घेतो. एक बाई वारली. मागे नवरा, आई, आईकडून सावत्र असलेले दोन भाऊ आणि दोन सख्खे भाऊ. कुराणात ठरवून दिलेले हिस्से असे: नवऱ्याला अर्धा, आईला सहावा, आईकडच्या सावत्र भावांना मिळून तिसरा. बेरीज केली तर एक पूर्ण होतो. सख्ख्या भावांचा हक्क उरलेल्यावर असतो, पण उरतच नाही काही. म्हणजे सावत्रांना मिळालं आणि सख्खे कोरडे राहिले. परंपरा सांगते की खलिफा उमर यांनी आधी असाच निवाडा दिला. पुन्हा तसंच प्रकरण आलं तेव्हा सख्ख्या भावांनी विचारलं की आमचा बाप गाढव होता असं धरा, पण आई तर एकच ना? उमर यांना ते पटलं आणि त्यांनी सगळ्या भावांना त्या तिसऱ्या हिश्शात बसवलं. मग आधीच्या निवाड्याचं काय? तो तेव्हाचा निवाडा होता, हा आताचा, असं त्यांचं उत्तर नोंदलेलं आहे. फिकहच्या ग्रंथांत हा प्रश्न आजही ‘गाढवाचा मसला’ याच नावाने ओळखला जातो.

यातली गंमत पुढे आहे. शाफई आणि मालिकी पंथांनी उमर यांचा दुसरा निवाडा धरला, हनफींनी पहिला. तेव्हा जोगेश्वरीत एकाच मजल्यावर राहणाऱ्या दोन सुन्नी घरांत, एक रत्नागिरीकडचं शाफई आणि एक आझमगडकडचं हनफी, असा प्रसंग आला तर सव्वा कोटीच्या जवळपासच्या सदनिकेची वाटणी दोन तऱ्हांनी होईल. दोन्ही घरं शरियतनेच चाललेली असतील.

शिया-सुन्नी फरक तर याहून मोठा. समजा एक गृहस्थ गेले, मागे बायको, दोन मुली आणि एक भाऊ. मालमत्ता एक कोटी वीस लाखांची. सुन्नी हिशेबाने बायकोला आठवा भाग म्हणजे १५ लाख, दोन मुलींना दोन तृतीयांश म्हणजे ८० लाख आणि उरलेले २५ लाख भावाला. तेच कुटुंब इस्ना अशरी, म्हणजे शिया, खोजांचं असेल तर बायकोचे १५ लाख तेच, पण मुली असताना भावाला दमडीही नाही, १०५ लाख मुलींचे. मुली म्हणजे अर्धवट वारस आणि भाऊबंद हक्काचे, हे आपण सरसकट ‘इस्लामी’ समजून बसलेलं तत्त्व शिया विद्वानांनी पहिल्यापासून नाकारलेलं आहे, तेही कुराणाच्याच आधारावर. केरळमधले एक वकील सी. शुक्कूर यांनी ८ मार्च २०२३ रोजी आपल्याच बायकोशी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न केलं, कारण त्यांना तीनही मुलीच होत्या आणि वारसा भावांकडे जाऊ द्यायचा नव्हता. त्यांनी केलं ते योग्यच केलं. पण त्या वेळच्या गदारोळात शिया फिकहमध्ये हा प्रश्न उद्भवतच नाही, एवढी गोष्ट किती जणांनी लिहिली?

एवढा सळसळता वाद गोठला कसा, याचं उत्तर बऱ्याच अंशी ब्रिटिश काळात आणि मुंबईत सापडतं. ज्या १८६४ साली त्या कोकणी मुलीचा निकाल लागला, त्याच साली सरकारने अकरावा अधिनियम करून न्यायालयांतले काझी आणि पंडित यांची पदं मोडीत काढली. तोवर न्यायाधीश अडला तर मौलवीला विचारत असे. त्यानंतर तो पुस्तक उघडू लागला. पुस्तकं कोणती? बाराव्या शतकातल्या मरगीनानीच्या ‘हिदाया’चं हॅमिल्टनने १७९१ साली केलेलं इंग्रजी भाषांतर, तेही मूळ अरबीवरून नव्हे तर फारसी भाषांतरावरून. मग १८६५ पासून बेलीचा सारसंग्रह, जो मुख्यतः ‘फतावा-ए-आलमगिरी’वर बेतलेला. (आलमगीर म्हणजे औरंगजेब, आणि त्याचं नाव निघालं की आपल्याकडे वाचन थांबतं आणि भाषण सुरू होतं. पण त्याने जमवलेल्या मौलवींनीही पानोपानी अबू हनीफा एक म्हणतात आणि त्यांचे शिष्य दुसरं, अशाच हनफी पंथातल्या मतभेदांच्या नोंदी केल्या आहेत.) आणि शेवटी सर दिनशा मुल्ला. मुंबईच्या या पारशी कायदेपंडिताने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुसलमानी कायद्याची तत्त्वं क्रमांक घातलेल्या कलमांत बसवली. पुस्तक इतकं सुबक झालं की वकील ‘मुल्ला, कलम अमुक’ असं म्हणू लागले, जणू संसदेनेच ते मंजूर केलं होतं. आजही म्हणतात. मुल्लांचा यात दोष नाही, त्यांनी वकिलांसाठी हातपुस्तक लिहिलं. दोष ते हातपुस्तक हाच धर्म मानणाऱ्यांचा, आणि त्यांत आपले सुधारकही आले, मौलवीही आले.

या गोठण्याला अपवाद नव्हते असं नाही. हनफी मताप्रमाणे नवरा परागंदा झाला तर बायकोने जवळजवळ जन्मभर वाट बघायची. मालिकी मताप्रमाणे चार वर्षं. पंजाबात बायका नको असलेल्या लग्नातून सुटण्यासाठी धर्मच सोडू लागल्या, तेव्हा १९३०च्या दशकात देवबंदी परंपरेतल्या अशरफ अली थानवींनी मालिकी मत उसनं घेण्याची शास्त्रीय वाट दाखवली. १९३९च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात ती चार वर्षं तशीच बसली आहेत. सुधारणेला विरोध करण्यासाठी ज्यांची नावं घेतली जातात, त्यांच्यातल्याच एकाने ही सुधारणा शक्य केली, आणि ती शक्य झाली कारण त्याने स्वतःच्या पंथाबाहेरच्या फिकहचा आधार घेतला.

मुंबईने असे विद्वान निर्माण केले आणि ती त्यांना विसरलीही. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे शाफई फिकहचे जाणकार, काझी, अरबीत कुराणावर भाष्य लिहिणारे. त्यांच्या उरुसाला मुंबई पोलिसांची चादर चढते, बँड वाजतो, वर्तमानपत्रांत फोटो येतो. पीर म्हणून ते सर्वांना ठाऊक, कायदेपंडित म्हणून कुणाला नाही. खाडीपलीकडचं वांद्रं तर त्यांच्या दाराशी.

दुसरे असफ अली असगर फैजी. १८९९ साली माथेरानला जन्म, तय्यबजींच्या गोतातले सुलेमानी बोहरा, केंब्रिजला शिकलेले, १९३८ ते १९४७ मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य, पुढे इजिप्तमध्ये भारताचे राजदूत. १९४९ साली त्यांचा मुसलमानी कायद्यावरचा ग्रंथ आला. मुल्लांच्या शेजारी तो ठेवून वाचावा. मुल्ला नियम सांगतात. फैजी नियम कुठून आला, कुणी नाकारला, न्यायालयाने तो समजून घेतला की गोंधळ केला, हेही सांगतात. पण त्यांचं खरं काम दुसरंच. दहाव्या शतकातल्या फातिमी राजवटीचा काझी नुमान याने ‘दआइमुल इस्लाम’ हा ग्रंथ लिहिला. तो बोहरा समाजाच्या कायद्याचा पाया आहे आणि शतकानुशतकं त्याच्या हस्तलिखित प्रती दआवतीच्या, म्हणजे बोहरा धर्मसंस्थेच्या, पेट्यांत, घराण्यांच्या कपाटांत जपलेल्या, परक्याला न दाखवायच्या. फैजींनी प्रती जमवल्या, पाठ ताडून पाहिले आणि ग्रंथ दोन खंडांत कैरोला १९५१ आणि १९६० साली छापून घेतला. आपल्या संग्रहातली इस्माइली हस्तलिखितं त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊन टाकली. गुप्त ग्रंथ उघड्यावर आणणं हे त्यांचं बंड, पण त्यात घोषणा नव्हती, पाठभेद होते. श्रद्धा आणि कायदा यांची फारकत करावी हे मत त्यांनी पुढे मांडलं, तेव्हा त्यामागे हे सारं वाचन उभं होतं.

आज तो ग्रंथ ज्या परंपरेचा आहे तिचं मोठं विद्यापीठ अंधेरीत मरोळला आहे. सुरतेहून सुरू झालेल्या अल जामिया-तुस-सैफियाच्या तिथल्या आवाराचं उद्घाटन पंतप्रधानांनी १० फेब्रुवारी २०२३ रोजी केलं. जोगेश्वरी पूर्वेच्या टेकडीवर १९३० पासून इस्माईल युसुफ महाविद्यालय उभं आहे, सर मोहम्मद युसुफ यांच्या देणगीतून मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी निघालेलं. रूळ ओलांडून पश्चिमेला मर्कझुल मआरिफमध्ये मदरशांतून फाजिल होऊन आलेले तरुण दोन वर्षं इंग्रजी शिकतात. कलिनाला विद्यापीठाचं आवार, तिथे अरबी, फारसी, उर्दूचे विभाग. सांताक्रूझला असगर अली इंजिनियर यांचं काम चाले. वांद्र्यात भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने बायकांना काझीपदाचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. आणि वांद्रे-कुर्ला संकुलात कुटुंब न्यायालय, जिथे या साऱ्या विद्येची रोज गरज पडते. वांद्रे ते जोगेश्वरी, धीम्या लोकलची सहा स्थानकं. या संस्थांमधली माणसं एकमेकांसमोर बसून फिकहचं एक पान वाचताना मी काही पाहिलेली नाहीत. मरोळचा बोहरा विद्यार्थी आणि जोगेश्वरीचा देवबंदी फाजिल रिक्षाच्या रांगेत मागे-पुढे उभे असतील, तेवढंच.

इंजिनियर हा या पट्ट्यातला विलक्षण माणूस. बाप बोहरा आमिल, म्हणजे धर्माधिकारी. त्यांच्याकडून अरबी, तफसीर, फिकह घरातच शिकले. पोटापाण्यासाठी स्थापत्य अभियंता, मुंबई महापालिकेत वीसेक वर्षं नोकरी. १९८० साली इस्लामी अभ्यासाची संस्था काढली, १९९३ साली धर्मनिरपेक्षतेच्या अभ्यासाचं केंद्र. बोहरा धर्मगुरूंच्या सत्तेला आव्हान दिलं म्हणून बहिष्कार सोसला, हल्ले सोसले. शरियत ही ईश्वराच्या इच्छेकडे जाण्याची माणसांची धडपड आहे, स्वतः ईश्वरी नव्हे, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं आणि ते बरोबरच होतं. पण मला त्यांच्या लिखाणात एक घाई दिसते. ते कुराणातल्या मूल्यांवरून थेट आजच्या न्यायाकडे उडी घेतात आणि मधली हजार वर्षं मध्ययुगीन म्हणून बाजूला ठेवतात. मौलवी नेमके त्याच हजार वर्षांत राहतात. त्यामुळे इंजिनियर यांना उत्तर द्यायची त्यांना गरजच पडली नाही.

मौलवीच्या टेबलावर काय असतं ते एकदा पाहावं. दारुल इफ्तात, म्हणजे फतवे देणाऱ्या कचेरीत, येणारा सवाल बहुधा एका पानावर उर्दूत लिहिलेला असतो: उलमा या मसल्यात काय फर्मावतात, अशी सुरुवात आणि खऱ्या नावांऐवजी ‘जैद’ने ‘हिंदा’ला असं असं म्हटलं. खाली जवाब, त्यात ‘शामी’ किंवा ‘आलमगिरी’ अशा हनफी ग्रंथातला अरबी उतारा, खंड-पान क्रमांकासह, शेवटी ‘वल्लाहु आलम’, खरं काय ते अल्लाहच जाणे, मग सही आणि शिक्का. तो कागद म्हणजे मत असतं. सर्वोच्च न्यायालयानेही ७ जुलै २०१४ रोजी फतव्याला कायद्याचं बळ नाही हे स्पष्ट केलं. मुफ्ती उताऱ्यावर बोलतो, तेव्हा त्याला दुसरा उतारा दाखवणाराच त्याच्याशी भांडू शकतो. ‘काळ बदलला’ हे त्याच्यासाठी उत्तर होत नाही.

महिला काझींचंच बघा. विरोध करणाऱ्यांनी बाई काझी होऊच शकत नाही असं ठामपणे सांगितलं. आता मदरशांच्या दर्स-ए-निजामी अभ्यासक्रमात शिकवली जाणारी ‘हिदाया’ उघडा. हुदूद आणि किसास, म्हणजे ठरावीक शिक्षांचे आणि सूडाचे गुन्हे, सोडून इतर बाबींत स्त्री न्यायदान करू शकते, असं हनफी मत त्यात नोंदलेलं आहे. इतिहासकार-भाष्यकार तबरी तर सर्व बाबतींत करू शकते म्हणतात. शिवाय निकाहाला शास्त्राप्रमाणे काझी लागतोच कुठे? प्रस्ताव, स्वीकार आणि दोन साक्षीदार. वादात ‘बाईची जागा’ आणि ‘पुरुषी सत्ता’ भरपूर आली, उतारा फार थोड्यांनी काढला.

न्यायालयांची गत वेगळी नाही. २२ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तीन तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी मोडीत काढला. न्यायमूर्ती कुरियन जोसेफ म्हणाले, कुराणात जे वाईट ते शरियतमध्ये चांगलं असू शकत नाही. सरन्यायाधीश खेहर म्हणाले, हनफींमध्ये ही प्रथा इतकी जुनी की ती श्रद्धेचाच भाग. म्हणजे देशातल्या कोट्यवधी बायकांचं भवितव्य अखेर एका शास्त्रीय प्रश्नावर तोललं गेलं, आणि तो प्रश्न सोडवायला पाच न्यायाधीश इंग्रजी पुस्तकं चाळत होते. आमच्या औरंगाबाद खंडपीठाने २००२ साली लातूरच्या दगडू पठाण प्रकरणात, पूर्णपीठाने, तलाक नुसता उच्चारून भागत नाही, कारण आणि समेटाचा प्रयत्न सिद्ध करावा लागतो, हे सांगून टाकलं होतं. मराठी मुलखातला हा निकाल २०१७च्या चर्चेत मराठी वाहिन्यांना आठवला असेल तर मला आनंदच आहे.

मराठी वाचकाला ही सारी कल्पना परकी वाटू नये, कारण हिंदू कायद्याच्या बाबतीत आपण हेच केलं आहे. पांडुरंग वामन काणे चिपळूणजवळच्या परशुरामचे. मुंबई उच्च न्यायालयात वकिली, सरकारी विधी महाविद्यालयात अध्यापन. १९३० ते १९६२ या काळात त्यांचे धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड आले. ते वाचणाऱ्याला ‘धर्मशास्त्र असं म्हणतं’ हे वाक्य पुन्हा सहज उच्चारता येत नाही, कारण मिताक्षरा एक म्हणते, मयूख दुसरं, बंगालात दायभाग तिसरंच. मुंबई बेटावर आणि उत्तर कोकणात मयूखाचं चालायचं, घाटावर मिताक्षरेचं. हिंदू कोडाच्या वेळी ‘सनातन धर्म बुडाला’ म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला ही विद्या हाताशी होती. काण्यांना १९६३ साली भारतरत्न मिळालं. फैजींना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, पण मराठीत त्यांच्या नावाची घरोघर ओळख नाही. फिकहचा इतिहास मराठीत काण्यांच्या तोलाने कुणी लिहावा असं आपल्याला वाटलंही नाही.

काण्यांच्या गावाशेजारच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यावर हसले असते, हे मला मान्य आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान बायकांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधान भवनावर नेला, तेव्हा त्यांना उतारे शोधायचे नव्हते. त्यांचा आक्षेप थेट होता: माणसाचे हक्क धर्मग्रंथाच्या परवानगीवर ठेवायचेच का? उद्या अनुकूल उतारा नाही मिळाला तर बाईने गप्प बसायचं? हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. हक्काचा अंतिम आधार राज्यघटनाच असायला हवी, यात मी दलवाईंच्या बाजूला आहे. पण कायदा बदलायचा तरी तो काय आहे हे कळायला हवं. १९५१ साली नरसू अप्पा माळी प्रकरणात छागला आणि गजेंद्रगडकर या दोन न्यायमूर्तींनी, एक खोजा आणि दुसरे संस्कृत विद्वानांच्या घरातले, व्यक्तिगत कायदे घटनेच्या तेराव्या अनुच्छेदाखालच्या ‘कायद्यात’ मोडत नाहीत असं ठरवलं. तेव्हापासून व्यक्तिगत कायदा घटनेच्या कसोटीबाहेरची एक चिरेबंदी वस्तू होऊन बसला. त्या चिऱ्यांमधल्या भेगा फिकहचा विद्यार्थीच दाखवू शकतो. शिवाय समान नागरी कायदा करायचाच तर वारशात मुलगी आणि भाऊ यांचं नातं ठरवताना शिया विचार समोर ठेवायचा की नाही? मेहेरची कल्पना, म्हणजे लग्नाच्या वेळीच बायकोची रक्कम ठरवून टाकणं, सगळ्यांसाठी घ्यायची की नाही? घासाघीस करणाऱ्याला समोरच्या गाठोड्यात काय आहे हे माहीत हवं.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. मुसलमानांच्या शास्त्रात इतरांनी का नाक खुपसायचं? श्रद्धा नसलेल्याने फिकह शिकवायचं म्हणजे वसाहतवादच की. हे बोलणाऱ्यांनी मुल्ला पारशी होते हे विसरू नये. त्यांच्याच पुस्तकावर शरियत म्हणून शंभर वर्षं निकाल लागत आले आणि कुणी धर्म बुडाला म्हटलं नाही. परक्याने हातपुस्तक लिहिलेलं चालतं, मूळ ग्रंथ वाचलेला चालत नाही, हा कुठला न्याय? श्रद्धावानांना वेगळं आसन द्यावं, जरूर द्यावं, पण दार बंद करण्याचा हक्क नाही. फैजींनी बोहऱ्यांच्या पेटीतला ग्रंथ छापला, त्याने ग्रंथाची प्रतिष्ठा वाढलीच.

म्हणून मागणी साधी आहे, खर्चिकही फार नाही. कलिनाला, जिथे अरबी विभाग आधीच आहे, तिथे इस्लामी कायद्याचं एक अध्यासन हवं. त्यात ‘हिदाया’, शाफईंचा एखादा पाठ्यग्रंथ, ‘दआइम’ आणि शियांचा एक जाफरी ग्रंथ मूळ अरबीतून, शेजारी मुंबईच्या न्यायालयांचे १८४७ पासूनचे निवाडे ठेवून शिकवावेत. १८४७ यासाठी की त्या साली न्यायाधीश सर अर्स्किन पेरींनी रूढीच्या नावाखाली खोजा आणि मेमन मुलींचा वारसा नाकारला होता. शरियत लागू झाली असती तर त्यांना काही मिळालं असतं, आणि १९३७च्या शरियत कायद्याने बऱ्याच अंशी ते मिळालंही. विद्यार्थी मरोळहून यावेत, जोगेश्वरीहून यावेत, महिला काझी याव्यात, आणि कुटुंब न्यायालयात पोटगीचे अर्ज भरणारे तरुण वकील तर आलेच पाहिजेत. शिकवण्याची एक भाषा मराठी असावी, कारण शाफई कोकणी मुसलमानांची घरची बोली तीच आहे. मदरशातल्या मुलाला इंग्रजी यावं म्हणून जोगेश्वरीत दोन वर्षांचा वर्ग चालतो. एलएल.बी. झालेल्या मुलीला अरबी यावी म्हणून तेवढाच एक वर्ग कलिनात सुरू करावा, आणि फी तिला परवडेल एवढीच ठेवावी.